खडावांचे अकरा दिवस

मागच्या वर्षी पायाचं बोट गेलं, तेव्हा सुंदरम्माला आधी वाटलं होतं की भाकरीच करपली.

तिनं तव्यावरची उलटून पाहिली, चांगली होती. चुलीच्या कडेला कडक व्हायला उभ्या केलेल्या चार पाहिल्या, त्याही चांगल्या. वास मात्र येतच होता. "अवं, शेजारी काय जळतंय का बघा की!" असं तिनं बाहेर बसलेल्या नवऱ्याला ओरडून सांगितलंसुद्धा. चुलीतनं उडालेला निखारा तिच्याच उजव्या पायाच्या करंगळीखाली होता, आणि ती त्याच्यावर उभी राहून सगळ्या गल्लीचा धूर हुंगत होती.

ही गोष्ट ती पुढं येईल-जाईल त्याला हसत सांगायची. सांगून सांगून गोष्ट जुन्या लाटण्यासारखी गुळगुळीत झाली होती. ऐकणारा हसायचा, मग तिच्या पायाकडं बघायचा, मग हसू आवरायचा. "हसा की," ती म्हणायची, "बोट माझं गेलंय, तुमचं तोंड कशापायी उतरलंय?"

खरं तर ती दमली होती. शुगर निघून चौदा वर्षं झाली. सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या, पोटात टोचायची सुई, बोटातनं काढायचं रक्त, आणि सणाला सगळ्यांच्या ताटात वाढून आपण नुसती बघायची पोळी. तान्ह्या पोराकडं बघावं तसं चौदा वर्षं स्वतःच्या अंगाकडं बघायचं, आणि हे पोर काही मोठं होत नाही.

सोलापुरात बाळीवेशीतल्या एका बोळात त्यांचं घर. पुढची एक खोली, आतली एक खोली, आणि माडीवर पत्र्याची एक, ती सुनेची. मुलगा महेश्वर पुण्याला कंपनीत. पंधरा दिवसांनी यायचा, झोपायचा आणि जायचा. सून काव्या इथंच एका शाळेत शिकवत होती. नवरा सिद्रामप्पा मिलच्या सुतारखात्यात होते. मिल बंद पडली, तसे घरातल्या खुर्च्यांचे पाय दुरुस्त करण्यात त्यांनी उरलेलं आयुष्य घातलं. आणि सुंदरम्मा आतल्या खोलीत चुलीवर रोज साठ-सत्तर कडक भाकरी करायची. नवी पेठेतला दुकानदार माणूस पाठवून त्या न्यायचा. पापडासारखी पातळ, मोडली की कडाड् वाजणारी. "सुंदरम्माची भाकरी" असं तो गिऱ्हाइकाला सांगतो म्हणे. आयुष्यात तिच्या नावावर असलेली ती एकच गोष्ट.

त्या आतल्याच खोलीत, चुलीच्या समोरच्या भिंतीत, देवाचा कोनाडा होता. आणि म्हणूनच सगळा घोटाळा होता.

घोटाळा असा. करंगळी गेल्यावर वर्षभरानं, माघ संपता संपता, काव्या सासूला पायाच्या डॉक्टरणीकडं घेऊन गेली. तरुण बाई, बोलायची हळू, बघायची बारीक. तिनं सुंदरम्माला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनची एक तार तळव्याला ठिकठिकाणी टेकवली. "लागलं की सांगा."

"व्हय," सुंदरम्मा म्हणाली. मग म्हणाली, "व्हय." मग, "व्हय, लागली की." एवढी शिकलेली बाई आपल्या पायापाशी वाकून बसलीय, तिला सारखं नाही, नाही कसं म्हणायचं?

"आजी," डॉक्टरीण म्हणाली, "शेवटच्या तीन वेळा मी तार लावलीच नव्हती."

काव्या हसली. सुंदरम्माही हसली. डॉक्टरीण हसली नाही. तिनं पाय आपल्या हातात धरला आणि सांगितलं की ह्या पायाला आता काही कळत नाही. काच लागली तरी कळणार नाही, फोड फुटला तरी कळणार नाही. जे पायाला कळत नाही, ते आता डोळ्यांनी बघायचं. रोज आरसा धरून तळवा बघायचा, बोटांच्या फटी बघायच्या. आणि अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. "रस्त्यावर तर नाहीच, घरातसुद्धा नाही. मऊ चप्पल. उठल्यापासून झोपेपर्यंत."

"घरात?" सुंदरम्मानं विचारलं.

"घरात."

"आन् चुलीपाशी?"

"करंगळी कुठं गेली तुमची?" डॉक्टरणीनं विचारलं.

काव्यानं येतानाच रबरी स्लिपर घेतल्या. गुलाबी, वर प्लास्टिकचं फूल. घरी आल्यावर सिद्रामप्पांनी त्या फुलाकडं असं पाहिलं, जसं काही कुणी उंबऱ्यावर बेडूक आणून ठेवला.

"चप्पल आत येणार न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावाच लागला नव्हता. "माझ्या आईनं ह्या उंबऱ्याच्या आत पायताण येऊ दिलं न्हाई. बाळंतीण असली तरी न्हाई. आत देव हाय, चूल हाय."

"मामा," काव्या सासऱ्यांना म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय. दुसरं बोट गेलं तर?"

"जाणार न्हाई. बघून चालायचं."

"त्यांना दिसत नाही, कळत नाही. बघून काय चालणार?"

"काव्या," सुंदरम्मा मधे पडली, "पोरी, च्या ठेव जा."

गोष्ट अशी की नवऱ्याची तक्रार करावी, तर तिला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा पेपर आणायला गेल्यावर काव्यानं हट्टानं त्या गुलाबी स्लिपर तिच्या पायात घातल्या. सुंदरम्मा उंबऱ्यापर्यंत आली. एक पाय आत टाकला. समोर कोनाड्यातला दिवा होता. दुसरा पाय काही उठेना. तशीच, निम्मी आत निम्मी बाहेर, उंबऱ्यावर पकडलेल्या चोरासारखी उभी राहिली. मग स्लिपर काढून ठेवल्या, हात धुतले, कपाळाला विभूती लावली आणि परातीत पीठ घेतलं.

"हात चालत न्हाईत गं," ती काव्याला म्हणाली. "पायात चप्पल असली की हात पिठाला जात न्हाईत. मी काय करू?"

शाळेत जाताना काव्यानं चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

आठ दिवस घर असंच घुम्यासारखं होतं. पाणी चार दिवसांआड यायचं. ते आलं की तेवढ्यापुरतं सगळे एकमेकांशी बोलायचे. मग एका सकाळी सिद्रामप्पा पूजा करता करता थांबले आणि म्हणाले, "श्रावणात मठातले स्वामी आले होते की न्हाई आपल्याकडं?"

"आले होते की. पाद्यपूजा केली आपण."

"हितं कोनाड्यापर्यंत आले. पायात काय होतं त्यांच्या?"

सुंदरम्मा भाकरी थापायची थांबली. "खडावा."

"खडावा." सिद्रामप्पांनी मान हलवली. "लाकडाला विटाळ न्हाई."

त्या दिवशी त्यांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली. पटाशी, रंधा, कानस. मिल बंद पडली त्या साली तिथून घरी आणलेला सागवानाचा एक तुकडा त्यांनी सतरा वर्षं कशासाठी तरी जपला होता. तो ह्यासाठी होता, असं आता त्यांना कळलं. सुंदरम्माला वर्तमानपत्रावर उभं करून त्यांनी पेन्सिलीनं पायाभोवती रेघ मारली. उजव्या पायाची रेघ एका ठिकाणी आत वळली, जिथं करंगळी नव्हती. तिथं त्यांची पेन्सिल क्षणभर थांबली.

चार दिवस ते मान खाली घालून बसले. पॉलिश पेपरनं घासलं, पालथ्या हातानं चाचपलं, पुन्हा घासलं. कडा गोल केल्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधे धरायच्या खुंट्या त्यांनी वेगळ्या करून बसवल्या, वर कमळाच्या कळीसारखा आकार दिला. करडईचं तेल पाजलं. पाचव्या दिवशी देवापुढं ठेवल्या आणि मग तिच्यापुढं.

छत्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं तिला दिवाळीला लुगडं सोडून दुसरं काही दिलं नव्हतं, आणि लुगडंही तिनंच जाऊन निवडायचं. तिनं खडाव हातात घेतली. हाताला रेशमासारखी लागली.

"लई झकास झाल्यात," ती म्हणाली.

"घाल की."

घातल्या. चालली. खट्, खट्, खट्. कोनाड्यासमोरून गेली, चुलीपाशी गेली, आणि हात पिठाला गेले. सिद्रामप्पांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे तिनं महेश्वरच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

"शरणु शरणार्थी, अम्मा," त्यांनी मठात करतात तसे हात जोडले. ह्या माणसाला थट्टा करता येते, हे तिला नव्यानंच कळलं.

काव्यानं मात्र संध्याकाळी खडावा हातात घेऊन बोटानं टकटक वाजवून पाहिलं. "अत्ती," ती म्हणाली, सासूला ती माहेरच्या कानडी रिवाजानं अत्ती म्हणे, "डॉक्टर मऊ म्हणाल्या होत्या."

"घासून घासून मऊच केल्यात की."

"ही खुंटी रुतणार नाही?"

"रुतली तर सांगते ना तुला," सुंदरम्मा म्हणाली. रुतली तर कळणार कसं, हे दोघींच्याही मनात त्या वेळी आलं नाही. काव्याच्या आलं असेल. पण इतक्या दिवसांनी घरात लोक हसत होते, आणि ती ह्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं.

ते दिवस चांगले गेले, हे सांगितलंच पाहिजे. पुढच्या खोलीत बसून सिद्रामप्पांना आवाजावरून कळायचं, ती कुठं आहे. खट् खट् चुलीपाशी. खट् खट् मोरीपाशी. "आता डबा काढला व्हय?" ते बाहेरून विचारायचे. "तुमचं कान हाय का कॅमेरा?" ती आतून म्हणायची. रोज दुपारी जेवताना ते विचारायचे, "जमतंय की?" आणि ती म्हणायची, "झकास."

सहाव्या दिवशी तिला अंगठ्याच्या बेचक्यात लालसर काही दिसलं. आरसा काव्यानं दांड्याचा आणून दिला होता, पण सुंदरम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरत होता. तळव्याच्या जागी तिला ढगच जास्त दिसायचे. लाल आहे खरं, एवढं कळलं. कुंकू सांडलं असेल. तिनं पदरानं पुसलं. गेलं नाही. दुखत तर नव्हतं. तिनं आरसा उपडा ठेवला.

दुपारी सिद्रामप्पांनी विचारलं, "जमतंय की?"

तेव्हा सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं. त्यांच्या हाताच्या अंगठ्याला पॉलिश पेपरनं पडलेला चरा अजून तसाच होता.

"झकास," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी उगादी होती. सगळी गल्ली पाडवा म्हणते, ह्यांच्या घरात उगादी. कडुलिंब आणि गूळ वाटून सगळ्यांच्या हातावर ठेवायचा. सुंदरम्माच्या वाट्याला त्यातला कडुलिंब. काव्या नवी इरकल नेसून खाली आली, सासऱ्यांच्या पाया पडली, आणि आत येऊन सासूपुढं वाकली.

"थांब गं," सुंदरम्मा लाजली. "खडावा घालून पाया पडून घ्यायला मी काय स्वामी हाय?" तिनं खडावा काढून बाजूला सारल्या आणि फरशीवर उभी राहिली.

काव्यानं दोन्ही हात पावलांना लावले. ते कपाळाकडं न्यायच्या आधी मधेच थांबले.

"अत्ती, पाय ओला कशानं झालाय?"

"आत्ताच फरशी पुसली की."

काव्यानं बोटं नाकापाशी नेली. मग नव्या इरकलीसकट ती खाली फरशीवर बसली, सासूला पाटावर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. अंगठा बाजूला केला.

तिनं ओरडायला हवं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मामा, रिक्षा आणा."

सिद्रामप्पा दारात आले. "येन आयतु? काय झालं?" त्यांनी वाकून पाहिलं. बेचक्यात खुंटीच्या आकाराचा, बरोब्बर तेवढाच गोल, खोल खड्डा पडला होता. आपण केलेलं माप सुताराला लांबूनही ओळखू येतं.

सणाचा दिवस, रस्त्यात ढोल-ताशे. नवी पेठेच्या तोंडाशी गर्दीत रिक्षा अडकली. सुंदरम्मा मांडीवर पिशवी धरून बसली होती आणि मनात एकच जुळवत होती, की डॉक्टरणीला काय सांगायचं. हे तिचं ठरलं होतं. ह्या माणसाचं नाव कशात येऊ द्यायचं नाही. सिद्रामप्पांच्या मांडीवरही एक पिशवी होती. ती कशाची, हे तिनं विचारलं नाही.

सणाचा दिवस असूनही डॉक्टरीण आली. जखम पाहिली, एक बारीक सळई आत घालून खोली पाहिली. सुंदरम्मा छताकडं बघत होती. तिला काही कळत नव्हतं, फक्त काव्याचा हात आपल्या दंडाला आवळला जातोय एवढं कळत होतं.

"कशानं झालं हे?"

"चपलेचा अंगठा लागला," सुंदरम्मा पटकन म्हणाली. "जुनी चप्पल. माझंच ध्यान न्हवतं. मलाच कळायला..."

टेबलावर लाकूड वाजलं. खट्.

सिद्रामप्पांनी पिशवीतून एक खडाव काढून टेबलावर ठेवली. मग दुसरी. "ह्यानं," ते म्हणाले. "मी केल्या." आणि हात बांधून उभे राहिले, मिलमध्ये साहेबापुढं राहायचे तसे.

डॉक्टरणीनं खडाव उचलली. आता ही बाई काय बोलेल, ह्या विचारानं सुंदरम्माचे कान तापले. डॉक्टरणीनं कडेवरून बोट फिरवलं, कमळाच्या कळीवरून फिरवलं.

"हात चांगला आहे तुमचा," ती म्हणाली.

सिद्रामप्पांचा धीर त्या एका वाक्यानं सुटला. ते भिंतीकडं वळले आणि उपरण्यानं नाक पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

एक्स-रे काढला, त्यात हाड धड दिसलं. सडलेलं होतं तेवढं कापून काढलं. "अजून आठवडा गेला असता तर अंगठ्यावर भागलं नसतं," डॉक्टरणीनं काव्याला बाजूला घेऊन सांगितलं, पण सुंदरम्माचे पाय बधिर होते, कान नव्हते. "अजूनही अंगठा वाचेलच असं नाही. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मग बघू."

सहा आठवडे. चैत्र-वैशाखातलं सोलापूर, माडीवरचा पत्रा तापून खाली येईल की काय अशी दुपार, आणि सुंदरम्मा पुढच्या खोलीत खाटेवर उशीवर पाय ठेवून. पहिले दोन दिवस तिला वाटलं, बरं झालं. छत्तीस वर्षांत कुणी असं पडून राहायला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी नवी पेठेतला माणूस भाकरी न्यायला आला आणि रिकामा परत गेला. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

चौथ्या दिवशी पहाटे आतून थपथप असा आवाज आला. तिला वाटलं, काव्या. पण काव्या तर आंघोळीला गेली होती.

"अवं?" तिनं हाक मारली.

"काय न्हाई. पड तू."

पहिली भाकरी त्यांनी तिला दाखवायला आणली. तिच्यात सोलापूर जिल्ह्याचा नकाशा होता. अकलूजच्या बाजूला एक भोकही होतं.

"पाणी जास्ती झालं," ती म्हणाली. "आन् एका हातानं थापताव तुमी. लाकूड न्हाई ते, दाबून बसत न्हाई. फिरवायची."

पंधरा दिवसांनी भाकरी गोल झाली. महिन्यानं पातळ झाली. दुकानदारानं रोज वीस घ्यायला सुरुवात केली, "सुंदरम्माच्याच ना?" असं विचारून. "तिच्याच," सिद्रामप्पा सांगायचे.

दर आठवड्याला ड्रेसिंगला जायचं. तिसऱ्या खेपेला सुंदरम्मानं पाहिलं, तिच्या खडावा डॉक्टरणीच्या खोलीत कपाटावर ठेवलेल्या. पेशंटना काय घालायचं नाही हे दाखवायला ठेवू का, असं डॉक्टरणीनं सिद्रामप्पांना विचारलं होतं, आणि ते नको म्हणू शकले नव्हते. आता खडावांपुढं कुणी तरी मोगऱ्याची दोन फुलं ठेवली होती. एक म्हातारी बाई बाहेर पडताना त्यांना हात जोडून गेली.

"सांगू का तिला?" काव्या कुजबुजली.

"राहू दे," सुंदरम्मा म्हणाली. "कुणाचं तरी भलं होऊ दे त्यानं." सिद्रामप्पा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांची मिशी हलली.

सहा आठवड्यांनी जखम भरत आली. अंगठा राहिला. डॉक्टरणीनं चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं: बंदेनवाज, चपलावाला, नवी पेठेच्या मागची गल्ली. लोक त्याच्या मालाला "शुगरची चप्पल" म्हणत.

पत्ता घेऊन सिद्रामप्पा स्वतः गेले, आणि दुसऱ्या दिवशी बंदेनवाज घरीच आला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, बोटांना खळीचा वास. आपल्या चपला त्यानं न सांगता दाराबाहेर काढल्या. कागदावर तिचा पाय ठेवून घेतला, रेघ मारली. ती आत वळली तिथं तो थांबला नाही; असे कागद त्यानं पुष्कळ पाहिले असावेत.

"भाभी, ह्याला अंगठा न्हाई, खिळा न्हाई. पट्टा चिकटवायचा, पुढनं बंद. खाली मऊ रबर. आनि घालायच्या आधी रोज आत हात घालून बघायचं. खडा असला तर पायाला न्हाई समजत, हाताला समजतंय. घरात, बाहेर, बाथरूमला, सगळीकडं घालायचं."

"घरात न्हाई चालत आमच्यात," सुंदरम्मा म्हणाली. सांगताना तिला फार थकवा आला. पुन्हा तेच, पुन्हा उंबरा, पुन्हा कोनाडा. "आत देव हाय."

बंदेनवाजनं कागदाची घडी केली. मग चष्म्यावरून सिद्रामप्पांच्या छातीकडं पाहिलं, जिथं सदऱ्याआड, गळ्यातल्या चांदीच्या करंड्यात, इष्टलिंग होतं.

"अप्पा, राग मानू नका. काल दुकानात आला तवा हे गळ्यात होतं का?"

"असतंच. झोपताना बी काढत न्हाई."

"मग माझ्या दुकानात तर चारी बाजूनं चपलाच की. डोक्यावर बी टांगलेल्या. तुमच्या पायात बी होत्या. देव काय म्हणला का?"

ह्या घरात असं कुणी बोललं नव्हतं. सिद्रामप्पांचा हात छातीवर गेला.

"तुमी करा चपला," ते शेवटी म्हणाले. "बाकीचं आमी बघतो."

आठ दिवसांनी बंदेनवाज चपला घेऊन आला. निळ्या, जाड, आतून मऊ कापडाच्या. दिसायला दोन झोपलेल्या मांजरांसारख्या. सिद्रामप्पांनी खोक्यातून काढून आधी एकेकीत हात घातला, टोकापर्यंत नेला, चाचपला. मग त्या शुद्ध करायला पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी न्हाई, अप्पा!" बंदेनवाज दारातूनच ओरडला. "चिकटवलेलं निघतंय!"

ते थांबले. विचार केला. कोनाड्यातून विभूती आणली आणि दोन्ही पट्ट्यांवर तीन-तीन बोटं ओढली. काव्यानं तोंडाला पदर लावला. मग सिद्रामप्पा खाटेपाशी खाली बसले आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोचा पाय हातात घेतला. पट्ट्याचं चिकटणारं टोक आधी त्यांच्या धोतराला चिकटलं. ते सोडवलं. मग पायाला लावलं. ह्या पायाला काही कळत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हळू लावलं.

"जा," ते म्हणाले, आणि स्वतः आधी आत गेले.

सुंदरम्मा उंबऱ्यापाशी आली. समोर कोनाड्यातला दिवा तसाच. पाय थांबला. सवय मेंदूत नसते, गुडघ्यात असते. मागून कुणी ढकललं नाही. आतून सिद्रामप्पांचा आवाज आला, जरासा चिडका, रोजच्यासारखा.

"येतीस का? तवा तापून लाल झालाय."

तव्याचं ऐकल्यावर तिला थांबता येत नसे. ती आत गेली. परात ओढली. हात क्षणभर अडखळले. मग पिठात गेले.

सिद्रामप्पा पुढच्या खोलीत जाऊन पेपर घेऊन बसले. आत भाकरी थापली गेली, उलटली, चुलीच्या कडेला उभी राहिली. सुंदरम्मा पाणी घ्यायला मोरीपाशी गेली, परत आली. रबराचा काही आवाज होत नव्हता. कुठूनही कळत नव्हतं, ती कुठं आहे.

"सुंदरा?" बाहेरून हाक आली.

"हाय," ती म्हणाली.

दोन भाकरी झाल्या.

"सुंदरा?"

"हाय की."

दिवसभर असंच चालेल, हे तिच्या लक्षात आलं. उद्याही. तिनं कपाळाचा घाम दंडाला पुसला, तिसरा गोळा परातीत घेतला, आणि पुढची हाक यायच्या आधीच म्हणाली, "हाय, अवं, हाय."